कोटघर

आधी कोट येतात, मग माणसं.
उणे चौदाची थंडी बाह्यांत भरून आणतात
आणि माझ्या फळीवर ओल्या जनावरासारखे पडतात.
मी उचलते. लोकर, कातडं, फुगीर नायलॉन,
एखादा कुणाच्या आजोबांचा, कापराच्या वासाचा.
प्रत्येकाला खुंटी, प्रत्येकाला पितळी बिल्ला.
पैसे हल्ली फोननेच देतात,
नाणं कसं वाजतं तेच विसरलं नॉरशोपिंग.

एकोणीस हिवाळे झाले. नाच मी पाहिलेला नाही.
नाच भिंतीपलीकडे.
माझ्यापर्यंत पोचतो तो त्याचा तळ फक्त,
धम्म, धम्म,
पोटातल्या पोटात कुणी जिना चढावं तसा.
सूर विटांत अडतात.
शब्द तर उंबऱ्यावरच बूट काढत बसतात.
तरी गाणं मला कळतं. रिकामे हँगर सांगतात:
हे जलद, तारा किणकिणताहेत.
हे संथ, आता कुणाच्या तरी खांद्यावर
कुणाचं तरी डोकं टेकलं असणार.
एक आहे, रोज बाराच्या सुमाराला लागतं,
सगळे ओरडतात, जमीन हलते.
मी त्याला वाढदिवसाचं गाणं म्हणते.

मंगळवारी सुटी. मंगळवारी मी सिनेमाला जाते
नदीकाठी, जुन्या सूतगिरणीत, चाळीस खुर्च्या.
गेल्या मंगळवारचा काळापांढरा होता:
दोन बहिणी, एक बेट, बोलणं नाही.
थोरली चार मिनिटं बटाटे सोलते.
चार मिनिटं! सालीचा आवाज
चर्चमधल्या खोकल्यासारखा मोठा होत जातो.
माझ्यापुढे चौथ्या रांगेत एक जोडपं.
बाप्या सारखा चुळबुळत होता,
पण बाई अशी निश्चल, खांदे ताठ,
की मला वाटलं, हिला खरा सिनेमा कळतो.
बाहेर पडताना आल्वारनं विचारलं, कसा वाटला?
(तोच तिकिटं फाडतो, तोच मशीन लावतो.)
म्हटलं, बटाटे छान सोलले.
आठवडाभर खूश होता.

तर शनिवार.
तीन वाजता दिवे लागतात, आणि लोक
एकदम आपापल्या वयाचे होतात.
काजळ गालावर, एका पायात बूट,
हातात बिल्ला, जणू त्यावर पत्ताच लिहिलाय घरचा.
गर्दी ओसरली तेव्हा तो आला.
पन्नाशीचा, केस नीट विंचरलेले,
दोन बिल्ले: सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी.
सत्त्याऐंशी त्याचा करडा.
अठ्ठ्याऐंशी हिरवा, बायकी, शिंगाची बटणं.
मी सवयीनं धरला तो खांदे उघडून,
बाईमाणसासाठी धरतात तसा.
त्यात कुणीच आलं नाही.
आणि ते खांदे मी ओळखले.
चौथी रांग.

"ती आता लुलेओला असते," तो म्हणाला,
"कोट राहिला इथं. सोमवारी पोस्टात टाकायचाय.
म्हटलं, त्याआधी थोडा फिरवून आणावा."
"मग? नाचला का?"
"कसा नाचणार? तुम्ही खुंटीला लावलात."

आम्ही हसलो. आधी तो, मग मी,
मग दोघांनाही जरा थांबता येईना.

तेवढ्यात मिर्येतानं फरशी पुसायला आतलं दार
बादलीनं उघडं टेकवून ठेवलं,
आणि वायरी गुंडाळता गुंडाळता काय्सानं
स्वतःपुरतं, हळू, तेच गाणं लावलं.
पहिल्यांदाच सगळं आलं माझ्यापर्यंत, शब्दांसकट.
वाढदिवसाचं नव्हतंच ते.
कुणीतरी किल्ली परत द्यायला आलंय
आणि दार उघडंच आहे, असं काहीतरी.
ह्यावर उड्या मारतात पोरं!
आमच्याकडे असंच. वरून टाळ्या, आतून हुंदका,
आणि हिशोब कुणी विचारायचा नाही.

त्यानं हिरव्याची बटणं लावली, खालून वर, सगळी.
मी काचेतून पाहत होते.
रात्रीची ट्रॅम आली, पिवळी, जवळजवळ रिकामी.
तो चढला,
आणि कोटाला त्यानं खिडकीची जागा दिली.